चार क्रेडिटची जवारी

संगीतात एम.ए. करतेय म्हटलं की पुण्यात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "गाणं कुणाकडे?" त्याचं उत्तर मिळालं की लगेच दुसरा, "मग विद्यापीठात कशाला?" विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलंच असतं, नोकरीसाठी कागद हवा असेल. कागद मला हवा होताच. नेट-सेट द्यायची तर पदव्युत्तर पदवी लागते आणि नुसत्या शिकवण्यांवर पुण्यात घरभाडं निघत नाही. पण दोन वर्षं संपल्यावर माझं मत जरा उलटं झालंय. गळा घडवला तो माझ्या गुरू ताईंनी, आणि तो विद्यापीठ नसतं तरी घडला असता. ज्या कागदी भागाला गाणारी मंडळी नाकं मुरडतात, म्हणजे संशोधनपद्धती, क्रेडिटं, ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), लघुप्रबंध वगैरे, तोच मला सगळ्यात कामी आला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे असाच आहे.

माझी बी.एस्सी. फिजिक्सची, साताऱ्यातून. गाण्यातली पात्रता म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद. मला एवढ्यावर प्रवेश परीक्षेला बसता आलं. ती परीक्षा म्हणजे एका खोलीत तीन परीक्षक, एक तबलजी, एक पेटीवाले आणि दाराबाहेर व्हरांड्यात पंधरा-वीस जणांचं दबक्या आवाजातलं गुणगुणणं. सकाळी अकराची वेळ, आणि आत जाणारा जवळपास प्रत्येक जण यमन गात होता. मी अल्हैया बिलावल गायले. वेळेचं भान दिसावं एवढाच त्यात हिशोब होता. पाचव्या-सहाव्या मिनिटाला थांबवलं. मग झपताल हाताने धरून दुगुन आणि तिगुन म्हणायला लावली, पेटीवर चार-चार सुरांचे तुकडे वाजवून ओळखायला सांगितलं, आणि शेवटी "भूप आणि देशकार वेगळे करून दाखवा." हा प्रश्न बहुतेक सगळीकडे विचारतात. दोन्हींत सूर तेच पाच, पण भूप गंधारावर विसावतो आणि देशकार धैवतावर राहून वरच्या अंगाने फिरतो. नुसतं सांगून चालत नाही, चार आवर्तनांत गाऊन दाखवावं लागतं.

प्रवेश झाल्यावर ताईंना सांगायला गेले. मी त्यांच्याकडे बारा-तेराव्या वर्षापासून शिकतेय, त्यामुळे हे सांगणं म्हणजे परवानगी मागणंच. त्या म्हणाल्या, "जा. चार लोकांत बसशील, चार पुस्तकं वाचशील. फक्त तिथली वही इथे उघडायची नाही." हा नियम मी शेवटपर्यंत पाळला, एक अपवाद सोडून. तो पुढे येईल.

पहिल्या सत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रागांची लांबलचक यादी, प्रत्येकात एक विलंबित, एक द्रुत, शिवाय तराणा, धमार, दोन सत्रांत मिळून कानड्याचे नि मल्हाराचे प्रकार. ताईंकडे तेव्हा माझी तोडी चालू होती, आणि ती आजही चालूच आहे. विभागात त्याच काळात आम्ही डझनभर राग उरकले. 'उरकले' हाच शब्द बरोबर आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. मारवा, पूरिया, सोहनी एका आठवड्यात शेजारी-शेजारी ठेवून बघितल्याशिवाय एकाच स्वरसमूहातून तीन वेगळ्या वृत्तीचे राग कसे निघतात हे नीट उमगत नाही, आणि घरच्या तालमीत असं शेजारी ठेवणं सहसा होत नाही. पण त्यातला एकही राग मी आज मैफलीत अर्धा तास गाऊ शकणार नाही.

मला खरा रस आला तो शास्त्राच्या पेपरात. गाण्याचे विद्यार्थी ह्या तासाला मागच्या बाकावर बसतात, मी पुढे बसायचे. शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारात, तेराव्या शतकात लिहिला गेला हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि तो लिहिणारा माणूस दरबारात हिशेबखात्याचा अधिकारी होता! ग्रंथाचे सात अध्याय स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य असे कप्पेबंद का आहेत, ते हे कळल्यावर लक्षात आलं. हिशेबनीसाची वही ती, प्रत्येक गोष्टीचं खातं वेगळं.

श्रुती म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक पायऱ्या. त्यांच्या धड्याला शास्त्राच्या सरांनी नाट्यशास्त्रकार भरताची सारणा चतुष्टयी, म्हणजे चार टप्प्यांत श्रुती तपासण्याचा प्रयोग, फळ्यावर न शिकवता दोन स्वरमंडलं आणून ठेवली. ह्या प्रयोगात दोन वीणा आहेत. एक ध्रुववीणा, तिला हात लावायचा नाही, आणि एक चलवीणा, तिचे सूर पायरीपायरीने उतरवायचे. सात सुरांच्या श्रुती ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा धरलेल्या, एकूण २२. पहिल्या सारणेत चलवीणेचा पंचम एवढाच उतरवायचा की तो ऋषभाशी जुळेल, मग बाकीचे सगळे सूर त्याच मापाने खाली आणायचे. दुसऱ्या सारणेला चलवीणेचे गंधार-निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ-धैवतात जाऊन बसले पाहिजेत, तिसऱ्या सारणेला ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमात, आणि चौथ्या सारणेला षड्ज, मध्यम, पंचम हे अनुक्रमे निषाद, गंधार, मध्यमात. कागदावर हे इतकं चोख आहे की वाटतं, अर्ध्या तासात होईल.

सगळी दुपार त्यात गेली. पहिली सारणा झाली. दुसरीला गंधार बसला, निषाद बसला नाही. तो बसवायला मागे जाऊन पंचम हलवला, तर गंधार उठला. तिसरीपर्यंत येईतो वर्गात दोन तट पडले. एक मुलगी डोळे मिटून ठामपणे म्हणत होती की ऋषभ षड्जात विरघळलाय, आणि तिच्या शेजारचा सतारवादक तितक्याच ठामपणे म्हणत होता की अजून लाट ऐकू येतेय. दोघांचेही कान चांगले. सर मधे पडले नाहीत. चौथी सारणा पुरी न करताच वर्ग सुटला. जाताना सर म्हणाले, "हा वाद शंभर वर्षांपूर्वी आपल्या सांगलीकडे झालाय, वाचा."

वाचलं. कृ. बा. देवल हे डेप्युटी कलेक्टर. श्रुतींची मापं ठरवण्याचा त्यांनी ध्यास घेतला आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गाऊन मदत केली. पुढे क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि श्रुती दाखवणारी पेटीही तयार झाली. १९१६ मध्ये भातखंड्यांनी बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तिथे ह्या पेटीवरून चांगलीच जुंपली. मला त्या भांडणाचं फार अप्रूप वाटलं. साताऱ्या-सांगलीच्या टापूत एक सरकारी अधिकारी कचेरीचं काम संपवून तारा मोजत बसतोय आणि खाँसाहेबांसारखा गवई त्याच्यासमोर सूर लावून दाखवतोय! आपल्याकडे गाणारे आणि मोजणारे एरवी एका सतरंजीवर बसत नाहीत.

दुसऱ्या सत्रात ओजेटी आलं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आमच्या एम.ए.ला संशोधनपद्धतीचा पेपर सक्तीचा आहे, दुसऱ्या वर्षात संशोधन प्रकल्प आहे, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी चार क्रेडिटचं 'ऑन जॉब ट्रेनिंग'. कॉमर्सच्या मुलांसाठी ते समजू शकतं. गवयाने प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुठे घ्यायचं? लग्नाच्या रिसेप्शनला? वर्गात ह्यावर भरपूर विनोद झाले. एक जण रेकॉर्डिंग स्टुडिओत गेला, दोघी शाळांत गेल्या, एकाने नाटक कंपनीच्या तालमींना पेटी वाजवली. मी सरांना म्हटलं, मिरजेला जाऊ का?

कारण असं की ताईंच्या तंबोऱ्याचं काम नेहमी मिरजेलाच होतं. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर सतारमेकर गल्लीत गेल्याचं आठवत होतं. जमिनीवर ओळीने उपडे घातलेले भोपळे, लाकडाचा भुसा, आणि कुठल्यातरी माडीवरून एकाच तारेचा आवाज सारखा, सारखा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगारीचं, म्हणजे शस्त्रांना धार लावण्याचं काम करणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी इथे सतारी नि तंबोरे करायला सुरुवात केली. गल्लीतली बहुतेक घरं त्याच वंशवेलीची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेले ते त्याच वर्षी, उन्हाळ्यात.

आता कागदपत्रांचा किस्सा सांगितलाच पाहिजे. ओजेटीच्या फॉर्मवर 'आस्थापनेचे नाव', 'पर्यवेक्षकाचे पदनाम' आणि 'गोल शिक्का' अशा तीन जागा होत्या. ज्यांच्याकडे शिकायला बसणार होते ते सत्तरी ओलांडलेले कारागीर. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, मीही तेच म्हणायला लागले. पदनामापाशी ते अडले. "काय लिहू? कारागीर लिहिलं तर तुझे सायेब घेतील का?" त्यांच्या नातवाने 'मास्टर क्राफ्ट्समन' सुचवलं. चाचांना ते पटेना. शेवटी 'जवारी काम' (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारांची झणझण) एवढंच लिहिलं, म्हणजे पदाच्या जागी कामच. शिक्का होता तो चौकोनी. कार्यालयातून निरोप आला की नमुन्यात गोल म्हटलंय. मग स्टेशनरोडला नवा शिक्का बनवून घेतला. चाचांना तो इतका आवडला की त्या दिवसापासून प्रत्येक पावतीवर दोन्ही शिक्के पडतात.

काम मात्र लगेच हातात आलं नाही. पहिला आठवडाभर मी फक्त ऐकलं. दुकानात दुरुस्तीला आलेले आणि नवे झालेले मिळून तंबोरे भिंतीला टेकवलेले असायचे. चाचा एकेकाची तार छेडत आणि विचारत, "खुली का बंद?" खुली जवारी म्हणजे आवाज पसरट, चमकदार, गुंजत राहणारा. बंद म्हणजे आखडलेला. ह्या दोन टोकांच्या मधे त्यांच्याकडे आणखी कितीतरी शब्द होते. खणखणीत, झोपलेली, चरचरते, तोंडातल्या तोंडात बोलते. माझं उत्तर त्यांच्याशी जुळायला लागलं तेव्हा कुठे एक जुनी घोडी आणि कानस माझ्यापुढे सरकवली.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. तंबोऱ्याच्या भोपळ्याला झाकणाऱ्या तबलीवर घोडी असते, तिच्यावरून चारही तारा जातात. ही घोडी सारंगीच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते, तिला पाठ असते, रुंद आणि किंचित उताराची. हा उतार इतका कमी की नुसत्या डोळ्यांना पाठ सपाटच वाटते. छेडलेली तार ह्या पाठीला घासत, टेकत, सुटत राहते आणि त्यातून ती झणझण निघते. जवारी काढायची म्हणजे तो उतार दुरुस्त करायचा. तारा ढिल्या करून बाजूला सारायच्या, घोडीच्या पाठीवरून कानस दोन-तीनदा फिरवायची, बारीक पॉलिश पेपर मारायचा, फडक्याने पुसायचं, तारा परत जागेवर आणून सुरात लावायच्या, ऐकायचं. नाही जमलं, परत तारा ढिल्या. खर्जाची तार जाड आणि तिचा झोल मोठा, म्हणून तिच्या खालची जागा जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या, तारांपेक्षा वेगळी घासावी लागते. एका घोडीवर चार तारांचे चार उतार, आणि चौघींचा आवाज मात्र एका घरातला वाटला पाहिजे.

हे सगळं झाल्यावर जीव घालतात. म्हणजे तार आणि घोडी यांच्यामधे एक सुती दोरा. बोटाच्या टोकाने तो तसूभर पुढे-मागे सरकवत जायचं. नाही, नाही, नाही, आणि एका जागी तार एकदम बोलते. त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे केसभर जरी गेलं तरी ती गप्प. चाचा हे बोलताबोलता करत. एका हाताने दोरा, दुसऱ्या हाताने तार, आणि तोंडाने गिऱ्हाइकाशी भाव.

घोडी कशाची, ह्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. ते कायद्याने बंद झालं आणि ते बरंच झालं असं त्यांचंही म्हणणं. आता उंटाचं हाड, लाकूड, फायबर असं काहीही येतं. फायबर झिजत नाही म्हणून गवयांना आवडतं. "झिजत नाय म्हणजे आमच्याकडे येत नाय," चाचा म्हणाले आणि हसले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, त्यांची कबर इथल्या मिरासाहेब दर्ग्यात आहे, दरवर्षी तिथे गवई येऊन गातात. खाँसाहेब दुरुस्तीची हत्यारं स्वतःजवळ बाळगत आणि स्वतःचा तंबोरा स्वतः बोलका करत, हे गल्लीत आजही अभिमानाने सांगतात. त्यामागे एक टोमणाही असतो: आताच्या गवयांना खुंटी पिळता येत नाही.

ओजेटी तिथे संपलं, क्रेडिटं जमा झाली. पण दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाला मला विषय मिळाला होता. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "जवारी 'गोड' आहे असं तू तीन वेळा म्हणालीस. गोड म्हणजे काय, ते लिहून आण." मी पानभर लिहून नेलं. त्यांनी ते वाचलं आणि विशेषणं खोडत गेले. पानावर शेवटी 'तार', 'घोडी' आणि 'दोरा' एवढंच शिल्लक राहिलं. संशोधनपद्धतीच्या तासाला गृहीतक, चल, नमुना हे शब्द मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांचा उपयोग काय ते त्या खोडलेल्या पानावरून कळलं.

इथे माझं फिजिक्स मदतीला आलं. चंद्रशेखर व्यंकट रामन कलकत्त्याला असताना त्यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावर एक छोटा निबंध लिहिला होता. त्यातला मुद्दा असा. कुठलीही तार एका विशिष्ट बिंदूवर छेडली, तर ज्या सहायक नादांचा (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या नादांचा) स्थिर बिंदू नेमका तिथे येतो ते नाद त्या आवाजात असता कामा नयेत. कॉलेजातलं पुस्तक हेच सांगतं. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा नाद गायब व्हायला हवा. तंबोऱ्यात ते गायब होत नाहीत, चांगले जोरात ऐकू येतात. कारण तार मध्येच घोडीच्या पाठीवर टेकते-सुटते आणि जे नाद छेडण्याने निघाले नसते ते ह्या टेकण्या-सुटण्यातून निघतात.

हे मला स्वतः करून बघायचं होतं. विभागातला एक जुना तंबोरा अर्ज करून होस्टेलवर आणायची परवानगी काढली. मेस बंद झाल्यावर, कॉरिडॉर शांत झाला की गवसणी काढायची. घोडीपासून मेरूपर्यंतचं, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीपर्यंतचं, अंतर टेपने मोजून बरोबर मध्यावर दांडीवर पांढऱ्या पट्टीची खूण केली. जोडाची एक तार ठेवून बाकीच्यांवर रुमाल टाकला, म्हणजे त्या आपणहून गुंजणार नाहीत. मोबाइलला छोटा माइक लावला. खुणेवर बोट ठेवून तार छेडली, एकदा जीव घालून, एकदा जीव काढून, परत घालून. मग ते तुकडे लॅपटॉपवर प्राट ह्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडले. हे सॉफ्टवेअर भाषाशास्त्राच्या लोकांचं, स्वर-व्यंजनं तपासायला केलेलं. तंबोऱ्यालाही चालतं.

जीव नसताना दुसऱ्या नादाची रेघ अगदी फिकट. पार पुसलेली नाही, कारण घोडीची पाठ होतीच. जीव घातल्यावर तीच रेघ काळीकुट्ट, आणि तिच्यावर चौथी, सहावी, आठवी, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्यातला जोर एका जागी राहत नव्हता. तार वाजत असतानाच तो काळा पट्टा ह्या पायऱ्यांवरून सरकत जात होता. तंबोऱ्याचा आवाज फिरतो, गरगरतो असं आपण म्हणतो, ते फिरणं स्क्रीनवर दिसत होतं. रात्री दीड वाजता शेजारच्या खोलीतली मराठी साहित्याची मुलगी भिंतीवर थाप मारून म्हणाली, "अगं, किती वेळ एकच सा?"

मग गंधार मोजला. खर्ज चांगला लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, हे शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी दाखवतात. तो खर्जाचा पाचवा नाद. माझा सूर काळी चार, म्हणजे सुमारे २०७.६ हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्मा, १०३.८. त्याची पाचपट ५१९. मध्य सप्तकात आणला तर गंधार येतो २५९.५ वर. पेटीवरचा गंधार मात्र २६१.६ वर आहे, म्हणजे चौदा सेंटनी चढा (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत शंभर सेंट असतात). ताई पेटीवाल्यांना "गंधार माझ्यामागे लावू नका, नुसता स्पर्श करा" असं का म्हणतात, त्याचा आकडा हा.

ताईंकडे वही न उघडण्याचा नियम मी इथे मोडला, त्यांच्या परवानगीनेच. एकाच तंबोऱ्यावर जीव वेगवेगळ्या जागी ठेवून केलेली ध्वनिमुद्रणं त्यांना क्रम न सांगता ऐकवली. नंतर हीच मुद्रणं मिरजेच्या कारागिरांना, पुण्यातल्या काही गायक-वादकांना ऐकवली आणि प्रत्येकाला म्हटलं, आवडलेली निवडा आणि एका शब्दात वर्णन करा. प्रकल्पाचा गाभा एवढाच. एका बाजूला लोकांचे शब्द, दुसऱ्या बाजूला त्याच आवाजाचा आलेख. कारागिरांनी बहुतेक सगळ्यात खुली जवारी निवडली, जिच्यात वरचे नाद भरपूर आहेत. गायकांची निवड त्याहून जराशी बंद बाजूला झुकली. का, ते ताईंनी सांगितलं: "फार बोलणारा तंबोरा माझ्या आवाजावर बोलतो." (तबलजींपैकी बहुतेकांनी "सगळे सारखेच" असं उत्तर दिलं. ते मी तक्त्यात घातलं नाही.)

चाचांनाही स्क्रीन दाखवली. 'चरचरते' म्हणून त्यांनी बाजूला काढलेल्या तंबोऱ्यात खूप वरच्या नादांच्या रेघा तुटक, विस्कटलेल्या येतात. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, घोडीवर एका जागी नख ठेवलं आणि म्हणाले, "हितं खड्डा हाय." कानस फिरवली, तारा लावल्या, मी परत मुद्रण केलं. रेघा सलग आल्या. त्यांना आलेखाची गरज नव्हती, ती मला होती. पण त्यांच्या नातवाने सॉफ्टवेअरचं नाव लिहून घेतलं. तो आयटीआयला आहे, आणि आजोबांचा कान आपल्याकडे नाही ही भीती त्याने मला आधीच बोलून दाखवली होती.

लिहिण्याचं काम मार्चमध्ये उरकलं. मराठीत लिहायचं ठरवलं, आणि भातखंड्यांच्या मूळ मराठी पुस्तकांचा तेव्हा फार आधार झाला. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांनी सैद्धांतिक संगीतावर इतकं सरळ मराठी लिहिलंय की आजचा माणूस न अडखळता वाचतो. आताची क्रमिक पुस्तकं बहुतेक हिंदीवरून उतरवलेली, वाक्यावाक्याला 'के अंतर्गत'चा वास.

शेवटच्या सत्राचं मंचप्रदर्शन ठीक झालं. पूरिया गायले, तबल्यावर वर्गमित्र, समोर आई-बाबा, ज्युनिअर्स आणि बाहेरचे परीक्षक. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत त्याच परीक्षकांनी विचारलं, "हे सगळं छान आहे, पण ह्याचा गायनाशी संबंध काय?" तंबोरा तिथेच होता. पूरियात पंचम नाही, म्हणून त्याची पहिली तार निषादाला लावलेली होती. मी म्हटलं, ह्या निषादाचा तिसरा नाद तीव्र मध्यम आहे, आणि तो ह्या रागात लागतो. हीच तार पंचमाला लावली तर तिचा तिसरा नाद शुद्ध ऋषभ येईल, आणि पूरियाचा ऋषभ कोमल. पंचम वर्ज्य म्हणून तार बदलतात हे पुस्तकातलं कारण झालं. तारेच्या पोटात काय आहे तेही बघायला हवं. त्यांनी तार छेडली, कान भोपळ्याजवळ नेला, परत छेडली. पुढचा प्रश्न त्यांनी माझ्याऐवजी सरांना विचारला, आणि मग ते दोघंच बराच वेळ बोलत राहिले.

निकाल चांगला लागला. सध्या एका शाळेत तासिका तत्त्वावर संगीत शिकवते, सेटची तयारी चालू आहे, आणि पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरलाय. विषय घोडीचं साहित्य: आकार तोच ठेवून लाकूड, हाड आणि फायबर ह्यांची जवारी किती वेगळी बोलते. चाचा तिन्ही घोड्या एकाच मापाच्या करून द्यायला तयार झालेत. लाकडाची झालीय, तिच्यावर मोजणं सुरू आहे. फायबरला मात्र त्यांनी अजून हात लावलेला नाही, "ते शेवटी बघू" म्हणतात.